अकरा नंबरची हिरडी

माणसाची हिरडी गुलाबी असते, असं ज्यानं पहिल्यांदा ठरवलं तो माणूस नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या इस्लापूरला कधी आला नसणार. आला असता तर एसटीच्या थांब्यावर पाच मिनिटं उभं राहूनच त्याचं मत बदललं असतं. आमच्याकडची माणसं हसली की आत जांभळासारखं, वांग्यासारखं, भिजवलेल्या मसुरासारखं काहीतरी दिसतं. गुलाबी असलंच तर कडेकडेनं, चिमूटभर. पण नकली हिरडी करायची पावडर ज्या डब्यातून येते, तो डबा उघडला की आत निव्वळ गुलाबी. जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यासारखी. या एका रंगापायी माझं अर्धं आयुष्य भांडणात गेलं. भांडण मी जिंकलो, म्हणून तर लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नांदेडात मला हेच सारखं ऐकवलं गेलं. मी दात करणारा कारागीर. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि ते डबीत घालून आमच्या नांदेडच्या लॅबमध्ये पाठवतात. आम्ही मापात प्लास्टर ओततो, त्या तोंडाची पांढरी प्रतिकृती काढतो, तिच्यावर मेणात काम करतो. मग मेणाच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे त्या पावडरीचं प्लास्टिक, दाबून गरम पाण्यात शिजवायचं, घासायचं, चमकवायचं, की डबी परत. पेशंट डॉक्टरचा. आम्हाला फक्त प्लास्टर दिसतं आणि सोबतची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘रंग : गुलाबी’.

शाळा मी दहावीपर्यंत केली. पुढचं सगळं शिक्षण टेबलावर झालं, दुसऱ्यांच्या कवळ्या घासता घासता. एका गोष्टीत मात्र मी कुणाला हार गेलो नाही, ती म्हणजे फटी.

आरशात बघा. दोन दातांच्या मध्ये, अगदी मुळाशी, हिरडीचं एक बारीक टोक आलेलं दिसेल. ते टोक झिजलं की तिथं काळा त्रिकोण पडतो. काळं आत काहीच नसतं, तोंडातला अंधार दिसतो इतकंच. हिरड्यांचा आजार, वय, दात रगडून घासणं, मिश्री, अशी कारणं पुष्कळ. गंमत अशी की फटीत वर्षानुवर्षं साचलेला दगडासारखा थर डॉक्टरांनी काढला की मगच ती फट दिसते. मग पेशंट सगळीकडे सांगत सुटतो, की डॉक्टरनं दात साफ करताना फटी पाडल्या. डॉक्टरांशी माझं कितीही वाकडं असलं तरी या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं साक्ष देईन. फट त्यांनी पाडलेली नसते, ती नुसती उघडी पडलेली असते.

आधी आजार बरा करायचा, ते काम डॉक्टरांचं. त्यानंतर फट लहान असेल तर ते दाताच्या कडेला दातासारखाच मसाला चढवून ती बुजवतात. काहींचे दात तारा लावून जवळ आणतात. पण चार-पाच फटी असतील आणि त्या उंच असतील, तर मसाल्यानं दात फावड्यासारखे रुंद दिसायला लागतात. अशा वेळी आमचं काम येतं. नखाएवढ्या जाडीची नकली हिरडी करायची, तिची टोकं फटींत अडकतात आणि ती ओठाआड बसते. झोपताना काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची. तोंडातला दागिनाच समजा.

अनुसयाबाई कंधारला बांगड्यांचं दुकान चालवायच्या. त्यांची हिरडी मी नांदेडच्या एका मोठ्या डॉक्टरांसाठी केली होती. चिठ्ठीप्रमाणे गुलाबी. आठवड्यानं भर दुपारी बाई स्वतःच लॅबच्या दारात उभ्या. दवाखान्यातून पत्ता काढून आल्या होत्या. त्यांनी कुंकवाच्या डबीतून हिरडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“ही कुणाची हिरडी हो?”

“तुमचीच बाई.”

“आमच्या घरात कुणाची असली न्हाई.”

मी तापट माणूस. म्हणालो, “हिरडी अशीच असती. डब्यावर लिवलेलं हाय.”

“डब्यावर लिवलंय? डबा कंधारचा हाय का?” असं म्हणून त्यांनी सरळ वरचा ओठ बोटानं उचलला. “बगा. नीट बगा. गिऱ्हाईक बांगड्या सोडून माझ्या तोंडाकडं बगून राहिलंय. आधी फट बगायचे, आता हे बगतात. फट बरी होती. माझी तरी होती.”

मी बघितलं. कोवळ्या वांग्याचा असतो तसा रंग, त्यावर तपकिरी ठिपके, दाताजवळ किंचित लाल. आणि माझ्या टेबलावर तो बर्फाचा गोळा. माझ्या हातून तयार झालेल्या कामाचा माणूस मी पहिल्यांदा समोर बघत होतो. पहिल्यांदा मला बाईंचा राग आला, मग डॉक्टरांचा, आणि शेवटी स्वतःचा. त्याआधी माझ्या हातून किती गुलाबी हिरड्या गेल्या असतील? त्यातल्या किती आज कुणाच्या कपाटात, सुईदोऱ्याच्या डब्यात पडून असतील? त्या लोकांनी येऊन शिव्या दिल्या नाहीत. फट दिसू नये म्हणून ओठ मिटून राहिले. हे मला अजूनही लागतं.

हिरडीला मिसळायच्या रंगांच्या बारीक कुप्या बाजारात मिळतात. तपकिरी, निळा, तांबडा, आणि रक्तवाहिन्यांसारखे दिसणारे लाल धागे. आमच्याकडं त्या कुणी विकत घेत नव्हतं. मी घेतल्या आणि सुपारीच्या खांडाएवढे सतरा नमुने शिजवले. मग दिसेल त्या माणसाला ओठ उचलायला लावायचो. बायकोपासून सुरुवात केली.

“आता माझ्या तोंडात ठोकळे घालायचेच राहिले होते,” रुक्मिण म्हणाली. पण खिडकीत बसली. तिची तीन नंबर, गाजराकडे झुकणारी. मुदखेडला रेल्वेत असलेल्या मेव्हण्याची चौदा, पिकलेलं जांभूळ. चहावाल्याची पाच. नमुना कोरडा धरून चालत नाही, हिरडी ओली असते, म्हणून नमुनाही ओला पाहिजे, हे मला चहावाल्याच्या बाकड्यावर कळलं. त्यात एक अकरा नंबर होता, मसुरासारखा. तो कुणालाच जुळेना. एकदा बिघडलेला म्हणून फेकून देणार होतो. पेटीतली जागा रिकामी दिसू नये म्हणून राहू दिला.

अनुसयाबाईंची दुसरी हिरडी सहा नंबरनं केली. त्यांनी आरसा घेतला, मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली.

“बसवली का?”

“बसवली की.”

“मग कुठं हाय?”

एवढी शाबासकी मला त्याआधी कुणी दिली नव्हती.

आता माझा राग सांगतो. त्यानंतर काही महिन्यांनी नांदेडच्या एका हॉटेलात दातांच्या डॉक्टरांची बैठक होती. त्या मोठ्या डॉक्टरांची एक तातडीची डबी होती, ती द्यायला मी तिथं गेलो. दार उघडलं तर आत पडद्यावर अनुसयाबाईंचे दात. माझी सहा नंबर. डॉक्टर माईकवर सांगत होते, “रुग्णाच्या मूळ रंगाशी जुळणारी छटा आम्ही विकसित केली.”

टाळ्या झाल्या. मी दारातूनच विचारलं, “साहेब, आम्ही म्हणजे कोण कोण?”

डॉक्टर म्हणाले, “गंगाधर, डबी ठेव आणि जा.”

मी डबी ठेवली, पण गेलो नाही. जे बोलायचं ते बोललो, आणि जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. शेवटी हॉटेलच्या दोन वेटरांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. पुढं नांदेडातल्या डब्या येणं कमी झालं. मग मोजक्या आल्या. मग त्या डॉक्टरांकडून एकही नाही. आवाज चढवला याचं मला वाईट वाटतं. प्रश्न विचारला याचं आजही नाही.

अशा दिवसांत लातूरहून स्नेहलमॅडमचा फोन आला. नव्या डॉक्टर, हिरड्यांच्याच. त्यांच्या एका पेशंटची नकली हिरडी दोन ठिकाणांहून करून झाली होती, दोन्ही गुलाबी. कंधारच्या बाईचं काम त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं आणि मागोवा घेत माझ्यापर्यंत पोचल्या होत्या.

“कराल का?” त्यांनी विचारलं.

“करीन. माझ्या तीन अटी हायत. पेशंट दिवसाउजेडी माझ्यासमोर बसेल. रंग चिठ्ठीवर लिहायचा नाही, मी ठरवणार. आणि डबीच्या झाकणावर माझं नाव राहील, पेशंटच्या हातात पडेपर्यंत.”

“तीन जास्त होतात गंगाधरराव. दोन करा.”

“मॅडम, मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा चार गाडे फिरून घेतो. पण यात घट होणार न्हाई.”

मग म्हणाल्या, “ठीक. मग माझीही एक अट. माझ्या पेशंटसमोर आवाज चढवायचा नाही.”

“हे जरा अवघड हाय.”

“म्हणूनच तर मागतेय.”

पेशंट होते बिराजदार सर. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. लातूरला असे क्लास आणि असे सर किती महत्त्वाचे असतात ते आमच्या भागातल्या आईबापांना सांगायला नको. सरांचा हिरड्यांचा आजार बरा झाला होता, दात घट्ट होते, पण वरच्या पुढच्या दातांत चार उंच फटी राहिल्या होत्या. क्लासमध्ये आता तास कॅमेऱ्यासमोर व्हायचे आणि गावोगावी पडद्यावर दिसायचे. पडद्यावर फट बोटाएवढी दिसते. मुलांनी नाव ठेवलं, ‘खिडकी सर’. शिवाय फटीतून वारा जाऊन ‘स’ आणि ‘श’ला शिट्टी वाजायची. सर तोंडासमोर हात धरून शिकवायला लागले. हातात फळ्यावर लिहायचा मार्कर, त्यामुळं वरच्या ओठावर कायम एक निळी रेघ. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हाही ती होती.

क्लासच्या मालकानं त्यांना सांगितलं होतं, की पुढच्या सोमवारी नव्या बॅचचा नमुना-तास चित्रित होणार. तोपर्यंत तोंडाचं काही झालं नाही तर कॅमेऱ्यासमोर दुसरे सर उभे राहतील आणि बिराजदार मागच्या खोलीत बसून नोट्स काढतील.

“वीस वर्षं फळ्यासमोर उभा आहे,” सर मला म्हणाले. “मला बसून शिकवता येत नाही, मामा.”

(हे सगळं लिहायला सरांनीच सांगितलं. हल्ली ते हिरडीचा धडा आला की स्वतःची काढून मुलांना दाखवतात. तेव्हा मात्र घरात बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.)

मी मॅडमच्या दवाखान्याच्या खिडकीत सरांना बसवलं, नमुने ओले करून लावले. नऊ नंबर तंतोतंत जुळला. नांदेडला जाऊन हिरडी केली, परत आणून बसवली. मॅडमनी आरसा दिला, सर बघत राहिले. मी मनात म्हटलं, बैठकीतल्या लोकांनो, या आता बघायला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मॅडमचा फोन. “गंगाधरराव, कॅमेऱ्यावर हिरडी निळसर दिसतेय. ओठ मार लागल्यासारखा वाटतो.”

मी पुढची बस धरून लातूरला पोचलो आणि सरांच्या समोरच सुरू झालो, “रंग बरोबर हाय! तुमचा कॅमेराच खराब असंल! मी सतरा नमुने—”

“अट,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

मी गप्प झालो. गप्प झालो म्हणून कान उघडले, असं म्हणायला हरकत नाही. सर म्हणाले, “मामा, एकदा तिथं येऊन तर बघा.”

क्लासची ती खोली लहान होती. खिडकी नाही. भिंतींना काळं कापड आणि सरांच्या तोंडावर दोन पांढरेशुभ्र दिवे. सर दिव्यांखाली उभे राहिले, ओठ उचलला, आणि मला माझी चूक दिसली. खिडकीतल्या उन्हात जो निळा रंग मांसात मिसळून गेला होता, तो त्या दिव्याखाली एकटा वर आला होता. नऊ नंबरमध्ये निळा मीच घातला होता.

अनुसयाबाई येऊन गेल्यापासून मी डॉक्टरांशी भांडत होतो, की काम करण्याआधी माणूस बघा. मी माणूस बघितला. पण तो माणूस दिवसभर कुठं उभा असतो, ते बघितलं नाही. डब्यावरचा रंग बघून पाठवणारे आणि खिडकीतला रंग बघून पाठवणारा मी, यात फार फरक नव्हता. हे मी तिथं मोठ्यानं बोललो नाही, पण सरांची माफी मागितली. माझ्या हिशेबानं ती फार मोठी गोष्ट होती.

मग सतरा नमुने तिथंच काढले. वाडग्यात पाणी घेतलं. सर दिव्याखाली खुर्चीवर, मी त्यांच्यासमोर, आणि कॅमेरावाला पडद्याकडं बघत ओरडून सांगणार.

“नऊ?”

“निळा.”

“आठ?”

“भाजल्यासारखं दिसतंय.”

“बारा?”

“बारा बरा आहे, पण कळतंय काका.”

शेवटी उरला अकरा. कुणालाच न जुळलेला, फेकायला काढलेला मसूर. त्यात निळा नव्हताच. मी तो ओला करून सरांच्या हिरडीला लावला आणि बाजूला झालो.

“लावा की,” कॅमेरावाला म्हणाला.

“लावलाय.”

“कुठं?”

पुन्हा तोच प्रश्न. मी सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असावं, पण दिवे प्रखर होते असं मी म्हणेन.

शनिवारी-रविवारी नांदेडात हिरडी शिजवली. सोमवारी सकाळी ती आणि घासायचं हातमशीन घेऊन क्लासमध्ये हजर. मॅडमही आल्या होत्या. रंग जुळला, पण शिट्टी राहिली. टोकं जाड झाली होती, वारा त्यांच्यावर आपटत होता. कॅमेरावाल्याच्या टेबलावर, माइकांच्या वायरींमध्ये मी मशीन लावलं.

“बोला सर. ज्यात स आणि श जास्त असतील ते बोला.”

“श्वासनलिका. सूक्ष्म श्वासनलिका. श्वासपटल.”

शिट्टी. मी केसभर घासलं, पुन्हा बसवलं.

“श्वासनलिका. सूक्ष्म श्वासनलिका.”

अजून थोडी. पुन्हा घासलं. सरांनी किती वेळा श्वासनलिका म्हटलं देव जाणे. शेवटी एकदा म्हणाले, आणि थांबले. स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखे थांबले. पुन्हा म्हणाले. स्वच्छ. शिट्टी गेली होती.

नमुना-तास तासाभराचा झाला. मी काळ्या कापडामागं उभा होतो. सुरुवातीला सरांचा हात सवयीनं दोनदा तोंडाकडं गेला, अर्ध्यातून परत आला. मग तो हात फळ्यावर गेला आणि तिथंच राहिला. मधे त्यांनी फुप्फुसावर काहीतरी विनोद केला आणि स्वतःच हसले. मोकळं, सगळे दात दाखवून. मॅडमनी माझा दंड धरला.

क्लासचे मालक सगळा वेळ पडदा बघत होते. तास संपल्यावर कॅमेरावाल्याला म्हणाले, “आज आवाज चांगला आलाय. माइक बदलला का?”

“हाव,” कॅमेरावाला म्हणाला आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

मागच्या खोलीतली नोट्सची खुर्ची दुसऱ्या कुणालातरी मिळाली. लातूरच्या, पुढं उदगीरच्याही डब्या माझ्याकडं यायला लागल्या. झाकणावर नाव, आणि आधी पेशंट. मी आता पेशंटला पहिला प्रश्न विचारतो, “दिवसभर कुठं असता? उन्हात, का ट्यूबलाइटखाली?” लोकांना वाटतं म्हातारा गप्पा मारतोय.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. त्या क्लासनं पुढं नांदेडात शाखा काढली. शाखा निघाली की फलक लागतात, दोन मजली उंच. त्यावर बिराजदार सर, मोकळे हसताना. फोटो त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली काढलेला. आणि फलक लागला नेमका त्या मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर. मी काही केलं नव्हतं. जागा क्लासवाल्यांनी निवडली होती.

महिनाभरात डॉक्टरांचा निरोप आला, येऊन जा म्हणून. किती वर्षांनी त्या दवाखान्यात गेलो. लॅबवाल्यानं दाराशी उभं राहून डबी द्यायची, ही तिथली रीत. मी दाराशी उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले, “ये गंगाधर. अजून रागावला आहेस का?”

“हाव.”

ते हसले. त्यांच्याकडं एक अवघड पेशंट होती. घरात लग्न, फटी पाच, आणि दोनदा मोठ्या शहरातून करून आणलेली हिरडी तिनं परत केली होती. ते उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बोट दाखवलं.

“हे समोरचे सर बघतोस ना? रोज बघतो मी. किती निरोगी हिरडी आहे बघ. कसा रंग, कशी बारीक टोकं. देवानं दिलेली. मला अगदी अशी पाहिजे. जमेल तुला?”

मी बघितलं. माझा अकरा नंबर गोधडीएवढा होऊन रस्त्यावर लटकत होता. उन्हातही चांगला दिसत होता. घशापर्यंत सगळं आलं. हॉटेलात आलं होतं त्यापेक्षा जास्त आलं. मग स्नेहलमॅडमची अट आठवली. आवाज मी अगदी खाली ठेवला.

“जमेल साहेब. पण माझ्या तीन अटी हायत,” असं म्हणालो, आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसलो.